जुन्या कोळशाचा आकडा

२१ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, निलंबनामुळे का होईना, लेक घरी आहे तर पाय चेपून घे, एरवी तो हाती लागत नाही.

तुझा बॉयलर अजून बंदच आहे. आठ दिवस माणसं छिनी-हातोड्यानं नळ्यांवरची राख फोडताहेत. परवा फोरमन प्रयोगशाळेत येऊन माझ्या टेबलावर एक ढेकूळ ठेवून गेला. काळं, काचेसारखं कडक. "तुझ्या भावानं वेळेवर वाफ मारून राख झाडली नाही, त्याचं हे बक्षीस," म्हणाला. मी हसले. दादा, मी चक्क हसले.

फार थकलेय रे. सांगायचं एक आहे आणि आईच्या गुडघ्यांबद्दल लिहीत बसलेय.

नवा कोळसा आला तेव्हा त्यात राख जुन्याच्या निम्मीच भरली. साहेब खूश, मीही खूश. राखेत सोडियम किती ही तपासणी दीड दिवस खाते. राखच कमी, तर तपासायचं काय, म्हणून त्या रकान्यात मी जुन्या कोळशाचा आकडा उतरवला. तू तीनदा फोन केलास. "अगं, राख चिकटतेय, वाफेनं सुटत नाही, जरा कोळसा बघ ना." मी म्हटलं, "कोळसा चांगलाय. नाचता येईना, अंगण वाकडं!" तूही हसलास.

मग चौकशीत तू म्हणालास, "बहीण कोळसा ठीक म्हणते, म्हणजे माझंच काही चुकलं असेल." मी समोरच बसले होते.

परवा फोरमन गेल्यावर नव्या कोळशाचा उरलेला नमुना तपासायला घेतला, काल रात्री आकडा आला. सोडियम जुन्याच्या पाचपट. अशी राख लवकर वितळते आणि नळ्यांना गोंदासारखी धरते. तू दिवसभर वाफ मारली असतीस तरी ती सुटली नसती.

आज सकाळी दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले, खरा आणि माझा. तुझं निलंबन उठेल, माझं होईल. साहेब म्हणाले, "भावासाठी करताय हे." मी म्हटलं, "भावासाठी करायचं असतं तर चौकशीच्या दिवशीच बोलले असते."

आईला तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही. हवं तेवढं रागाव, पण उत्तर पाठव.

जिच्या शब्दाखातर तू स्वतःला दोषी मानलंस, ती तुझी,
छोटी