पीळ दिलेल्या पट्टीचा तिसरा हिस्सा

मी हमीदाबी जफर शेख, वय एकाहत्तर, राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे, कैची धरलेला हात थरथरत नाही. शंका असेल त्याने रविवारी येऊन पाहावे.

१. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. आमच्या कायद्याने मृत्युपत्रात मला तिसराच हिस्सा वारसांबाहेर देता येतो. बाकीचे घर मुलगा जीशान व मुलगी नाहिद यांना रीतीप्रमाणे मिळेल, त्यात मी बोट घालत नाही.

२. माझा तिसरा हिस्सा म्हणजे रस्त्याकडची खोली. ती शेजारच्या विमलताईंच्या लेकीला, अर्पिताला द्यावी. जीशानला तिथे मोबाइलचे दुकान टाकायचे आहे, मला ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षे दर रविवारी इथे पोरं कागद कापायला येतात. ही खोली कव्हरं टांगायला नाही, सांगून ठेवते.

३. सुरुवात गफलतीतून झाली. यांचा, म्हणजे माझ्या मरहूम मालकांचा, लग्नपत्रिकांचा छापखाना होता. दिराच्या लग्नात मांडवासाठी मी उरलेल्या पट्ट्यांची साखळी करत होते. घाईत एका पट्टीला पीळ पडला, तशीच चिकटवली. एका कडीच्या दोन कराव्या म्हणून लांबीने मधोमध कापली, तर लांबलचक एकच कडी हातात! मी ओरडलेच. हे म्हणाले, "लग्न उद्या हाय अन् तू खेळून राह्यली!" पण भोवती जमलेली पोरं हलेनात. चिमुकली अर्पिता विचारी, "बी, दोन काहून नाही झाल्या?" मलाही कुठे येत होतं? कापत कापत दोघी शिकलो. आज ती शाळेत गणित शिकवते. परवा तिचा तास खिडकीतून पाहिला, काळीज सुपाएवढं झालं. हा गर्व माझा आहे, तो मी कुणाला वाटून देत नाही.

४. कैच्या व सगळा रंगीत कागद नाहिदला. तिची घडी माझ्यापेक्षा सरळ येते.

५. चहावाला भावसिंग पैजेवर म्हणाला होता, पोस्टकार्डातून माणूस जात नाही. मी कार्ड नागमोडी कापले, मोठे कडे केले आणि त्याला पागोट्यासकट त्यातून काढले. तो अजून कबूल होत नाही. त्याने साक्षीदाराची सही करताना ते कबूल करावे.

६. काल जीशान रुसून बसला, "अम्मी, घर तोडून राह्यली तू." मी त्याला पीळ देऊन चिकटवलेली पट्टी दिली आणि म्हटले, मधोमध नको, काठापासून तिसऱ्या हिश्श्यावरून लांबीने काप. त्याने कापली. एक लहान कडी निघाली, एक मोठी, एकमेकींत अडकलेल्या. त्याने ओढून पाहिल्या, फिरवून पाहिल्या. मग हसला माझा लेक. त्या कड्या या कागदाला जोडल्या आहेत. न फाडता त्या सुटतील, त्या दिवशी घर तुटले असे खुशाल म्हणावे.

ठिकाण: आर्णी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: हमीदाबी जफर शेख

साक्षीदार:
नानाजी ठाकरे
भावसिंग राठोड (हो, पोस्टकार्डातून गेलतो. पागोट्यासकट.)