सोदरी भाषेचे धडे

ता. ९ नोव्हेंबर

चि. ठेंगूस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, म्हणून आज नेहमीपेक्षा जास्त पाठवतोय. मेहुण्यांना आणि माझ्या भाचीला त्यातले वाटून दे. तिला जरा जास्तच दे, तिला आता दोघांचे लागतात.

फोन अजून बिघडलेलाच आहे. दुरुस्तीवाला रोज येतो म्हणतो आणि येत नाही. तोवर पत्रांवर भागव. आजकाल भाऊबहीण पत्रं लिहितात हे ऐकून शेजारणी हसतात, असं तू लिहिलंस. हसू देत. फुकट करमणूक होतेय त्यांची.

मी मजेत आहे. कामही बरं चाललंय. एका वकीलबाईंची वरची कवळी दोनदा परत आली. बोलताना शिट्टी वाजते अशी तक्रार, आणि कोर्टात शिट्टी वाजून कसं चालेल? शेवटी दातांचे डॉक्टर म्हणाले, तुम्हीच येऊन ऐका. गेलो. बाईंना एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजायला लावलं. सदुसष्टला स्पष्ट शिट्टी. मेणात बसवलेले पुढचे दात तिथेच किंचित सरकवले, पुन्हा मोजायला लावलं, गेली. डॉक्टर माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. असो.

तू पुन्हा तेच लिहिलंस, वरची खोली रिकामी आहे, कायमचा ये. अगं, मला खाली वर्कशॉप, वर खाट आणि माझी भाषा एवढं पुरतं. दुसऱ्याच्या घरात सकाळी उठल्यावर कुठे उभं राहायचं तेच मला कळत नाही. स्वयंपाकघरात गेलं तर अडचण, बाहेरच्या खोलीत बसलं तर पाहुणा. तेव्हा तो विषय नको.

भाचीने विचारलंय, मामा भाषा बनवतो म्हणजे नेमकं काय करतो? तुला अकरा वर्षांत विचारावंसं वाटलं नाही. तिला वाचून दाखव.

कवळीचे दात खोक्यांतून येतात, देशोदेशींचे. एका खोक्यावर लिहिलेलं 'देन्ती', दुसऱ्यावर 'दंदान'. मी रोज ती खोकी पुसून फळीवर लावायचो. एक दिवस लक्षात आलं, हे तर आपले दातच! एका घरातल्या मुली, लग्नं होऊन लांब लांब गेलेल्या, पण नाकडोळे तेच. मग वाचनालयातून शब्दकोश आणायला लागलो. संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन, रशियन, जर्मन, इंग्रजी. आणि घरची मराठी आहेच. नियम साधा आहे. एखाद्या गोष्टीचं नाव निदान चार बहिणींत सारखं निघालं, तर ते थोडं घासूनपुसून माझ्या भाषेत घ्यायचं. नाही निघालं तर ती गोष्ट बिननावाची राहील. मराठीला मत आहे, पण तिचे लाड नाहीत. भाषेचं नाव सोदरी, कारण सगळ्या एका आईच्या. ती शिकली की या सगळ्या बहिणींच्या घरी जाऊन निदान पाणी मागता यावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सध्या सोदरी बोलणारे जगात एक गृहस्थ आहेत. ते भिंतीशी बोलतात.

गेल्या आठवड्यात मात्र मी मोठी साफसफाई केली. ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ काढून टाकले. संस्कृत सोडली तर इतर बहिणींना ते धड येतही नाहीत, मग उगाच कशाला ठेवायचे? काढल्यावर भाषा कशी हलकी वाटतेय.

जेवण वेळेवर कर. भाचीला जिना चढू देऊ नकोस.

तुझा,
दादा


ता. २८ नोव्हेंबर

चि. ठेंगूस,

आशीर्वाद. तुझं पत्र परवा आलं. 'ट-ठ काढलेस, मग मला हाक कशी मारणार? सरळ नाव घेणार की काय, म्हातारपणी?' हे वाचून मी आधी हसलो. मग वर्कशॉपचं दार लावून घेतलं.

त्यानंतर मी आणखी काढले. त, थ, द, ध, न. मग ल आणि र. स काढला, च आणि ज काढले. सोदरी हे नावसुद्धा त्यात गेलं, त्यामुळे भाषेला आता नाव नाही. तुला वाटेल, दादाचं डोकं फिरलं. भाषा बनवायला अकरा वर्षं आणि मोडायला तीन आठवडे. तसं नाही. सांगतो. सांगायचं म्हणूनच बसलोय, पण हात सारखा दुसरीकडे वळतोय.

उन्हाळ्यात जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झाली. मी काय केलं असेल? दातांचा कारागीर ना मी! मला वाटलं, दाढेचं टोक घासतंय. वर्कशॉपमध्ये आरसा टांगला, मशीनला बारीक दगड लावला आणि स्वतःची दाढ स्वतःच घासून गुळगुळीत केली. जखम राहिली. पुन्हा घासली. कवळ्या घासायची सवय, त्यामुळे दाढ इतकी सुरेख झाली की डॉक्टरांनी कौतुक करावं. जखम आपली वाढतच होती. वकीलबाईंच्या कवळीच्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "एकसष्टपासून सुरू करा," तर ते 'एकसष्ट' माझ्याच तोंडात अडखळलं. म्हणून डॉक्टर माझ्याकडे बघत होते. बाई गेल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

"किती महिने झाले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दाढ घासली आहे मी, जाईल."

"अहो, दाढेचं नाहीये हे."

तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर आहे, ठेंगू. लिहून टाकला एकदाचा. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाई म्हणतात, जीव वाचेल. डावी अर्धी जीभ मात्र काढावी लागेल. तिथे हाताची कातडी घेऊन ठिगळ लावतात. ते ठिगळ जागा भरतं, पण बोलत नाही.

फोनही बिघडलेला नाही. माझे शब्द जड झालेत, आणि तू पहिल्या वाक्यालाच ओळखलं असतंस. म्हणून मी फोन उचलत नव्हतो. तो वाजायचा तेव्हा मी शेजारी उभा असायचो.

आता तुला कळेल मी काय काढत होतो. कवळ्यांमुळे मला पाठ आहे, कुठला उच्चार कशाने होतो. जिभेचं टोक आणि कड गेली की काय काय जाईल, ते मी सर्जनबाईंच्या आधीच मांडून ठेवलं. ठ जाणार. म्हणजे तूही गेलीस. पण ओठांना कुणी हात लावणार नाही. प, ब, म, व हे ओठांचे. म्हणून मी सगळ्या बहिणींकडे पुन्हा गेलो आणि फक्त ओठांवर निभेल ते मागून आणलं. लांबलचक खानदानातून थोडंच मिळालं. धडा म्हणून उतरवून घे.

'मा' म्हणजे मी. 'पा' म्हणजे प्यायला दे. 'बू' म्हणजे असणं. हे तिन्ही शब्द रीतसर निवडून आलेत. 'वे' म्हणजे आपण. याला तीनच मतं पडली, संस्कृत, जर्मन आणि इंग्रजी. नियमाने तो घ्यायला नको होता. मी घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला, कारण त्याच्यावाचून पुढे काही बनेना.

'वे बू.' म्हणजे आपण आहोत.

मी दिवसभर कुणाशी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. डॉक्टरांचा माणूस कवळ्यांच्या मापांचा डबा ठेवून जातो, मी 'ठेवा' म्हणतो. दुकानात 'साबण' म्हणतो. मोजले तर दिवसाला पसाभर शब्द होतील. तरी ते जाणार म्हटल्यावर मला इतकी भीती वाटतेय की सांगता सोय नाही. मरायची नाही. दुकानात मी काहीतरी म्हणेन, तो 'काय?' म्हणेल, मी पुन्हा म्हणेन, आणि तो मागच्या गिऱ्हाईकाकडे बघेल, त्याची. माझ्याच कवळ्यांनी किती जणांना बोलतं केलं, त्यातला एकही माझ्या ओळखीचा नाही.

ऑपरेशन बारा डिसेंबरला आहे. तू येऊ नकोस. भाचीचे दिवस भरत आलेत, तुझी जागा तिच्यापाशी. माझी एवढीच मागणी आहे की हे शब्द पाठ कर. जगात दोन माणसं झाली की ती भाषा झाली. एक असेपर्यंत ते वेड असतं, हे मला ठाऊक आहे, तू तोंडावर बोलली नाहीस तरी.

पाठ कर हं.

तुझा भित्रा,
दादा


ता. २० डिसेंबर, दुपारी

ठेंगू,

आज आशीर्वादांची गरज नाही, तू समोरच्या खुर्चीतच झोपली आहेस. तोंड उघडं टाकून. वरची उजवी दाढ भरून घ्यायला झाली आहे, मी आठ दिवस बघतोय.

येऊ नकोस असं लिहिलं होतं. वाचता येत नसल्यासारखी तू ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहिलीस आणि "खायला काय आहे?" म्हणालीस. मला ओरडायचं होतं, रडू आलं.

तोंड सुटलं की तुझ्याशी पहिल्यांदा काय बोलायचं, ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. नाकात नळी, तोंडात माझ्याच मनगटाची कातडी, गळ्यापर्यंत सूज. तरी मी उठून बसलो, ओठ जुळवले आणि नीट, हळूहळू म्हणालो, "वे बू." नर्सने धावत भांडं आणून माझ्या हनुवटीखाली धरलं. तिला वाटलं, मला उलटी होतेय. मी मान हलवून पुन्हा म्हणालो. तिने भांडं आणखी जवळ आणलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू खाली मान घालून बसली होतीस.

"पाठ केलं होतं रे," तू म्हणालीस. "गाडीत पुन्हा वाचायला घेतलं, तर डोकंच दुखायला लागलं. काय होतं ते? भूक?"

मला इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड केलं. अकरा वर्षांच्या मेहनतीतून चार शब्द उरले, तेवढेही माझ्या बहिणीला जड झाले. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास, मी खांदा हलवून तो झटकला. ते तुला लागलं, दिसलं मला.

मग काल दुपारी काय झालं ते तुझ्या लक्षातही नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं. मी अर्धवट झोपेत होतो, भाषाबिषा काही डोक्यात नव्हतं. "पडदा ओढ गं जरा," असं काहीतरी तोंडातून गेलं. काय गेलं असेल देव जाणे. मला स्वतःलाच तो नुसता चिखल ऐकू आला. तू भाचीशी फोनवर बोलत होतीस. बोलता बोलता उठलीस, पडदा ओढलास आणि परत बसलीस. तिला सांगत होतीस की बाळाच्या अंगाला नवं कापड लावू नको, जुनं मऊ धुऊन ठेव.

मी डोळे मिटून पडून राहिलो. मग मुद्दाम म्हणालो, "पाणी." तू सांगितलंस, आणखी एक तास नाही मिळायचं. "उशी." तू उशी वर केलीस. "मेहुणे कसे आहेत?" "गुडघे धरून बसलेत," म्हणालीस, "विचारत असतात तुला." एकदाही 'काय?' म्हणाली नाहीस.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी वाईट वाटलं. म्हणजे माझी भाषा तुला कधीच लागली नसती. तुला माझं सगळं कळत होतं आणि मी तिकडे शब्दकोशांच्या राशीत बसून, कुणाला तरी समजावं म्हणून, एकेक उच्चार तासत होतो. एवढ्या लांब राहून.

सर्जनबाई सकाळी आल्या तेव्हा तू खाली औषधं आणायला गेली होतीस. म्हणाल्या, शनिवारी घरी सोडू, पण सोबत कुणीतरी हवं, निदान दोन महिने. मी पाटीवर लिहिलं, 'शेजारी आहेत.' शेजारी कोण आहेत? उजवीकडे टायरचं गोदाम आहे. डावीकडचे मला 'कवळीवाले' म्हणतात, नाव विचारलेलं नाही. आणि तू रविवारी जाणार आहेस. जायलाच हवं, भाचीला आता कधीही दवाखान्यात न्यावं लागेल. मी तुला 'थांब' म्हणणार नाही.

दुसरं म्हणायचं आहे. ते तोंडाने म्हटलं असतं तर तुला कळलं असतं, आणि तू विचार न करता हो म्हणाली असतीस, पडदा ओढलास तशी. म्हणून लिहितोय. नीट वाच, मेहुण्यांना विचार. घरात बाळंतीण, तान्हं मूल, दुखणारे गुडघे आणि त्यात माझं हे तोंड. मी दूध-पाणीच घेतो, तेही सांडतो. लोक येतील तेव्हा मी कुठे उभा राहू, ते मला अजूनही कळत नाही. जमणार नसेल तर हा कागद परत माझ्या उशाखाली सरकव आणि काही बोलू नकोस. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण भिंतीकडे तोंड करून.

रविवारी जाताना मला बरोबर ने, ठेंगू. मला एकट्याला नाही राहवणार.

तुझा,
दादा