जावईबापूंच्या घारीचे मिटणारे पंख

चिरंजीव जावईबापूंस, सासऱ्याचे भीतभीत आशीर्वाद. परगावी तब्येत जपत असाल, पाणी उकळूनच पीत असाल. माझा गुडघा आहे तसाच आहे, त्याची काळजी करू नये. घारीचीही करू नये. (गुडघ्यावरून आठवलं, एवढंच.)

रेडिओवर चालणारं ते घारीच्या आकाराचं ग्लायडर तुम्ही ‘हात लावू नका’ असं बजावून आमच्या कपाटावर ठेवलंत. सहा दिवस मी लावला नाही. पण ज्याने चाळीस वर्षं छत्र्या दुरुस्त केल्या, त्याला न मिटणारे पंख रोज बघवत नाहीत. खरी घार झेपावताना पंख आवळते, हे माझ्यासारख्या चौथी नापासालाही खिडकीतून दिसतं. सातव्या दिवशी पंख मधोमध कापले (अगदी हळू कापले), छत्रीच्या काड्या बसवल्या आणि तुमच्या डब्यातली छोटी मोटर जोडली. रिमोटवरचा खटका पुढे केला की पंख पसरणार, मागे ओढला की मिटणार.

पहिल्या दिवशी एकच पंख मिटला. घार मैदानावर अशा गिरक्या घेत राहिली की चक्कर मला आली. दुसऱ्या दिवशी काड्या सारख्या केल्या, आणि काय सांगू, ती इतकी सुरेख तरंगली की समोरचे दातांचे डॉक्टर पेशंटला तसाच सोडून खिडकीत आले. तेवढ्यात वारा सुटला. आता वारा सुटला की छत्री मिटायची, ही आमच्या हाताची जन्माची सवय. डोक्याला न विचारताच हाताने खटका मागे ओढला. पुढचं मी पाहिलं नाही, कारण डोळेही मिटले होते. घार दवाखान्याच्या पत्र्यावर आदळली, तेव्हा आतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच बाहेर पळाला.

तुमच्या सासूबाई म्हणाल्या, “जन्मभर छत्र्या मिटल्यात, आता लेकीचा संसारही मिटा!” तेव्हापासून घास गिळवत नाही. रविवारी तुमची ग्लायडर उडवायची स्पर्धा, शनिवारी तुम्ही येणार. मला काय वाटेल ते बोला, लेकीला बोलू नका. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. घार धडधाकट आहे. चोच तेवढी गेली, तिथे छत्रीच्या मुठीचा तुकडा लावला आहे.

आपला,
सासरा

ता. क. चोच जरा पोपटाची वाटते. लांबून कळत नाही.

आणखी एक : खटक्याला दोरा बांधला, आता पंख अर्ध्यावरच थांबतात. काल घार सतरा मिनिटं उडाली. तुमची नऊच्या वर कधी गेली नाही म्हणे. घड्याळ लेकीनेच धरलं होतं.

शेवटचं : रविवारी मी उडवली तर चालेल का? नाव देऊन आलो आहे. होकार असेल तर लगेच कळवावा. नकार असेल तर घाई नाही, सोमवारी समक्ष येऊन सांगितलात तरी चालेल.