एसीचा सेन्सर आणि केयूरचे फोन

१५ एप्रिल, मंगळवार
गाडीचा एसी बंद! क्रांती चौकातून पडेगावला घरी येईस्तोवर शर्ट पिळून काढावा असा भिजलो. पंखा फिरतोय, वारा गरम. वाटेत एका दुकानात दाखवलं. बॉनेटही न उघडता पठ्ठ्या म्हणतो, "गॅस संपला, काका." यांना उठसूट गॅसच दिसतो!

संध्याकाळी केयूरचा फोन, जर्मनीहून. दर मंगळवारचा. "बाबा, बरे आहात ना?" — "आहे." — "जेवलात?" — "हो." सरोजिनी असताना मायलेक तासतास बोलायचे, मी शेजारी पेपर वाचत बसायचो. तिला जाऊन चौदा महिने झाले. आता आम्हा बापलेकांचं दोन मिनिटांत आटपतं. काहीतरी बोलायचं म्हणून एसीचं काढलं, तर गडी खुलला! मोटारींच्याच कारखान्यात इंजिनिअर तो. "गॅस अजिबात भरू नका. छोटा स्कॅनर मागवा. स्टिअरिंगखाली लावायचा, मोबाईलवर आकडे दिसतात." बावीस मिनिटं बोललो.

१८ एप्रिल, शुक्रवार
स्कॅनर आला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी लावला. एसीच्या गॅसचा दाब — साडेचारशे. फोटो पाठवला. दुपारी फोन, मंगळवार नसताना! रात्रभर गाडी बंदच होती ना, असं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "उद्या फ्यूज बघा."

१९ एप्रिल
फ्यूज चांगला आहे.

२० एप्रिल, रविवार
एसी चालू-बंद करणारा रिले बदलून पाहिला. फरक नाही. "उद्या पुढचा पंखा बघा," केयूर म्हणाला. मग एकदम, "बाबा, आई आमटीत गूळ कधी घालायची?" मला काय माहीत! उकळी आली की, असं दिलं ठोकून. फोन ठेवल्यावर फार रडू आलं.

२२ एप्रिल, मंगळवार
पंखा ठीक. वायरी ठीक, उंदरानं कुरतडलेल्या नाहीत. दूध घालायला आलेल्या मंजुळाबाई म्हणाल्या, "काका, रोज काय शिरता गाडीखाली? मिस्त्रीला दाखवा की!" त्यांना काय सांगू? मला मिस्त्री नकोच आहे. आज फोनवर अडतीस मिनिटं.

२४ एप्रिल, गुरुवार
मंजुळाबाईंनी भाच्याला धाडलंच. बिभीषण — गॅरेज आहे त्याचं. कोणी बोलावलं होतं? पण पोरगा हुशार. एसीच्या पाइपला दाबाचं गेज लावून म्हणाला, "हे बघा काका, गेजवर शंभर. अन् तुमच्या मोबाईलवर साडेचारशे! गेज खरं दाखवतंय. दाब मोजायचा सेन्सर गेलाय. त्यो खामखा दाब लई हाय म्हणून सांगतोय, म्हणून गाडीचा कंप्युटर एसी चालूच करंना." तासाभरात नवा सेन्सर आणून बसवला. गार वारा! बिभीषण खूश, मंजुळाबाई खूश. मी मात्र नाही.

संध्याकाळी केयूर, "काही फरक?" — "नाही रे. बंदच."

सत्तरी उलटल्यावर पोटच्या पोराशी खोटं!

२५ एप्रिल
वायरीच्या प्लगमध्ये माती आहे का बघा, केयूर म्हणाला. बघितली, नाही, म्हणालो.

२७ एप्रिल, रविवार
ऊन मी म्हणतंय. गार गाडीत एकटाच बसून भाजी घेऊन आलो. वाटेत केयूरचा फोन वाजला, तर आधी एसी बंद केला आणि मगच उचलला. हजारो मैलांवरून त्याला काय दिसणार होतं? चोराच्या मनात चांदणं!

हे बरं नव्हे. पोरगं तिकडे काम सोडून माझ्या गाडीचा विचार करतंय. सांगायलाच हवं. पण सांगितल्यावर बोलायचं काय? मला नाही येत सरोजिनीसारखं बोलता. पुन्हा आपले मंगळवार, पुन्हा जेवलात का. फार भीती वाटते त्याची.

२८ एप्रिल, सोमवार
सांगून टाकलं. "केयूर, एसी गुरुवारीच सुरू झाला. सेन्सर गेला होता."

 

"सेन्सर गेलाय हे माहीत होतं, बाबा. पहिला फोटो बघितला तेव्हाच कळलं. रात्रभर बंद गाडीत एवढा दाब नसतोच."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही फोन ठेवला असता."