कॅप्टनचा पुतण्या

४ जून

चि. बारक्या यास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला भांडतो आणि तिसऱ्या मिनिटाला दोघांपैकी एक जण फोन ठेवून देतो, म्हणून लिहितोय. पत्रात निदान तुला मधेच तोंड घालता येणार नाही.

टिल्लू परवा सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघतोय. नोकरी गेल्यापासून त्याचं काय चाललंय ते तुला वहिनीने सांगितलंच असेल. दिवसभर पडदे ओढून पडून असतो, दाढी वाढलीय, जेवायला पाच हाका माराव्या लागतात. मी समजावलं, रागावलो, माझ्याबरोबर लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला चल म्हणालो. सहा फुटांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पण तू फोनच्या पडद्यावर छाती पुढे काढून सांगितलंस की पुरुषाने रडायचं नसतं, उठायचं असतं, की हा पठ्ठ्या लगेच उठून बसतो. अरे, हेच मी त्याला तुझ्या आधी सांगितलं होतं, तेही जाहिरातींशिवाय. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

काल तोच म्हणाला की काही दिवस काकांकडे राहायचंय. तुझ्या वहिनीला बरं वाटलं. मला वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. लाखभर पोरं तुला कॅप्टन म्हणतात. ज्याला कमरेएवढ्या पाण्यात घाम फुटतो तो कॅप्टन! म्हणोत बापडी. पण त्या लाखात माझाही एक असावा, हे मला सोसत नाही.

त्याला वेळेवर जेवायला घाल. वहिनीचे आशीर्वाद. आमच्यावर जेवढी माया आहे तेवढीच राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझा
दादा

१९ जून

ती. दादास बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाण्याचा टोमणा कुठल्या ओळीत येतोय ते शोधतच वाचायला घेतलं होतं.

टिल्लूची काळजी करू नकोस. पाचला उठतो, थंडगार पाण्याने अंघोळ करतो, माझ्याबरोबर व्यायाम करतो. दाढी केली. चित्रण असलं की दिवे लावतो, वायरी गुंडाळतो, माझे मुद्दे काढून ठेवतो. फार बोलत नाही, पण सांगितलेलं एक काम चुकवत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुला वर्षभरात जमलं नाही ते इथे दोन आठवड्यांत झालं. तुझं म्हणजे सकाळी ओरडायचं आणि संध्याकाळी गुपचूप त्याच्या खिशात पैसे ठेवायचे. अशाने मुलं घडत नाहीत. मी त्याला रोज आरशासमोर उभा करतो आणि मी ठीक आहे असं मोठ्याने म्हणायला लावतो. आता न सांगता म्हणतो.

आमचा दोघांचा एक फोटो टाकलाय. लोकांना फार आवडला. वेळ मिळाला तर बघ.

वहिनींना नमस्कार. रागासकट का होईना, आठवण काढत जा.

तुझा
बारक्या

२७ जून

चि. बारक्या यास आशीर्वाद. अनेक लिहिणार होतो, एकावर भागव.

फोटो बघितला. मी बघायला गेलो नव्हतो. एका इमारतीच्या गच्चीवर मशीनच्या खोलीत होतो, हात ग्रीसने माखलेले, आणि तिथला रखवालदार कौतुकाने फोन घेऊन आला. त्याला काय ठाऊक मी तुझा भाऊ. फोटोखालचं त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. कॅप्टन, बाप-लेक शोभता. लेक अगदी बापावर गेलाय. असली तीनचारशे. आणि त्या प्रत्येकाखाली तू लाल बदाम टाकलेला. तो माझा पुतण्या आहे, एवढे शब्द लिहायला तुझी बोटं झिजली असती का? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

नाक माझं आहे त्याचं. कान आईचे आहेत. तुझं त्याच्या अंगावर काहीही नाही, बनियनसुद्धा.

वहिनी म्हणते, मुलगा उभा राहतोय, गिळा थोडा अपमान. गिळतोय. पण खरं सांगतो, मी जळतोय. कामावर असताना जळतो, जेवताना जळतो. तू खोटं बोललास त्यापेक्षा टिल्लूने ते खोडलं नाही, याने जास्त जळतो.

आणखी एक. परवा फोनवर तो मी ठीक आहे, मी ठीक आहे म्हणत होता. आवाज खणखणीत होता, पण तो त्याचा नव्हता, तुझा होता. माझा मुलगा माझ्याशी तुझ्या आवाजात बोलला. तेवढं बघ.

आशीर्वाद वर दिलेच आहेत.

दादा

५ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या पोटात दुखतंय हे कळलं. आता माझंही ऐक.

तुला बायको आहे, मुलगा आहे, संध्याकाळी घरी गेल्यावर चहा झाला का म्हणून विचारणारं माणूस आहे. मी दिवे मालवले की या घरात भांडंसुद्धा वाजत नाही. लाख पोरं मला कॅप्टन म्हणतात, पण त्यातलं एकही मला सर्दी झाली तर विचारत नाही. चार लोकांनी चार दिवस मला बाप समजलं तर तुझं काय गेलं? हेवा करायचा हक्क काय थोरल्या भावालाच असतो? मी तुझा हेवा टिल्लू जन्मला त्या दिवसापासून करतोय. तू तो कधी ओळखला नाहीस, कारण तू माझ्याकडे कधी बघितलंच नाहीस.

रविवारच्या कार्यक्रमात त्याला माझ्या शेजारी बसवणार आहे. खचलेला मुलगा कसा उभा राहतो ते तो स्वतः सांगेल. बघ किंवा नको बघू.

वहिनींना नमस्कार. तुला वाटेल तेवढाच मी तुझा,
बारक्या

१४ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

त्या दिवशी वहिनींना फोनवर अर्धंच सांगता आलं. तू आलास, त्याला घेऊन गेलास, माझ्याकडे बघितलंही नाहीस. बरोबर केलंस. पण काय झालं ते तुला कळायला हवं.

रविवारी तो फार छान बोलला. मीच लिहून दिलं होतं. याला म्हणतात मर्द, असं मी शेवटी म्हणालो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. मग दिवे बंद झाले. वायर गुंडाळता गुंडाळता त्याने हळूच विचारलं की काका, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, पण आत काहीच हललेलं नाही, जगावंसं वाटत नाही, यापुढे काय करायचं असतं?

दादा, या प्रश्नाचं उत्तर मी आजवर किती जणांना दिलंय. तेच तोंडातून बाहेर आलं. मन घट्ट कर, तू कमी पडतोयस, असं म्हणालो. तो थँक्यू काका म्हणाला. अगदी अदबीने. मग आतल्या खोलीत गेला आणि त्याने कडी लावली. त्या थँक्यूनेच माझ्या अंगावर काटा आला.

मी दाराबाहेर जमिनीवर बसलो. बोलायला गेलो तर प्रत्येक वाक्य कार्यक्रमातलं निघायचं. वहिनींना फोन केला, डॉक्टरांना केला, दार तोडायला शेजाऱ्यांना हाक मारणार होतो. तेवढ्यात त्याने आपणहून कडी काढली. का, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. मधलं लिहिण्यासारखं नाही.

कार्यक्रम बंद ठेवलाय. कॅप्टन कुठे गेले म्हणून विचारणा होते, मी उत्तर देत नाही. फोटोखाली मात्र एक ओळ लिहिली, हा माझ्या थोरल्या भावाचा मुलगा आहे. उशीर झाला, माहीत आहे.

त्याला बघायला येऊ का? नको म्हणालास तर नाही येणार.

बारक्या

२ ऑगस्ट

चि. बारक्या यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली. त्यांत तुला जे म्हटलं होतं ते आईने ऐकलं असतं तर तिने मला जेवायला वाढलं नसतं.

टिल्लूला औषध चालू आहे. झोप लागते. दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंकडे जातो, आत तासभर बोलतो. मी बाहेर बाकावर. आतून बोलण्याची नुसती गुणगुण ऐकू येते आणि मला त्या बाईंचाही हेवा वाटतो. माझ्याशी तो भाजी काय आणायची एवढंच बोलतो. वहिनी म्हणते, त्या खोलीतल्या खुर्चीचाही हेवा करा, तोही शिलकीत असेलच.

परवा परत येताना मी धीर करून विचारलं की त्या दिवशी दार का उघडलंस. खरं लिहितो, त्याच्या आईची किंवा माझी आठवण झाली असं तो म्हणेल, या आशेने विचारलं. तो म्हणाला, काका बाहेर रडत होते. आधी त्याला वाटलं तू फोनवर काहीतरी लावून ठेवलंयस. मग तू मोठ्याने नाक शिंकरलंस, तेव्हा त्याची खात्री पटली. त्याच्या मनात आलं, एवढा मोठा कॅप्टन इतका घाबरतो, तर आपणही घाबरलो तर चालत असेल. आणि तुला पाणी द्यायला म्हणून त्याने कडी काढली.

बारक्या, तुझी लाख पोरं, तुझे दिवे, तो फोटो, यातल्या कशानेही मी एवढा जळलो नव्हतो. मी हे त्याच्यासाठी कधी केलं नाही आणि तू केलंस. त्याला घ्यायला आलो तेव्हा मलाही रडायचं होतं. मी गाडी चुकेल म्हणालो. घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडलो आणि बाहेर येऊन डोळ्यांत साबण गेल्याचं सांगितलं.

तर ये. मला तू अजून नको आहेस, पण तो तुझी वाट बघतोय. शनिवारी ये. स्टेशनवर तोच येईल. त्याला सोबत म्हणून मी येईन. कॅमेरा घरी ठेव, आणि तो खणखणीत आवाजही.

बाकी भेटीत. जळका असलो तरी तुझाच,
दादा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र टिल्लूला दाखवलं, त्याच्याविषयी आहे म्हणून. नळाचं वाचून तो म्हणाला की साबणाचं त्याला तेव्हाच खोटं वाटलं होतं, साबण संपला होता. त्या दिवशी तो न्हाणीघराच्या दाराबाहेर बसून होता म्हणे. मी बाहेर येतोय असं वाटल्यावर उठून गेला. मग पत्र परत देत म्हणाला, पुढच्या वेळी नळ बंद ठेवा बाबा, काही ऐकू येत नाही.