कुरुळीतले मारेकरी

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मारेकरी झालो! कंपनीत आठवडाभर ले-ऑफ, म्हणून आम्ही पोरं कुरुळीतल्या बंद शेडमध्ये सिनेमाच्या शूटिंगला गेलो. शंभर वर्षांपूर्वीचा परदेशातला नरसंहार. एक हेडमास्तर शाळेत लोकांना लपवून वाचवतो, अशी गोष्ट. माणसं पुरवणारा आमचाच कॉन्ट्रॅक्टर. त्याने वाटणीही तशीच केली — ए शिफ्ट मरणार, बी शिफ्ट मारणार!

माझ्या वाट्याला कौशल्यामावशी. आमच्या मेसवाल्या, बायका कमी पडल्या म्हणून त्याही आल्या! मला डेंग्यू झाला तेव्हा मऊ भात भरवला, त्याच. त्यांना केसांना धरून शाळेच्या दारातून ओढायचं. जमलं तर माझा क्लोजअप. आई परभणीत थेटरात बघेल. मला तो पाहिजेच!

बुधवार, १२

सगळे टेक बाद. पहिल्यांदा तर मावशींचा सोनेरी विगच हातात आला. नंतर ओढता ओढता तोंडून गेलं, "मावशी, पायरी आहे, जपून." डायरेक्टर ओरडले, "मारायला आलायस की देवदर्शनाला न्यायला?" मावशी उलट मलाच म्हणतात — "वढ की रं! मला काय हुत न्हाई."

एकदा जमत आलं होतं, तेवढ्यात शेजारच्या कंपनीचा भोंगा झाला. जेवणाची सुट्टी! मारेकरी थांबले, मेलेले उठले, सगळे हात धुवायला रांगेत. हेडमास्तर एकटाच दार अडवून उभा. हसून हसून पोट दुखलं.

गुरुवार, १३

उद्या नाही जमलं तर मला प्रेतांत टाकणार म्हणे. झोपून राहायचं! आईला काय दाखवू?

शुक्रवार, १४

जमलं!! असिस्टंट जयदीप कानाशी येऊन म्हणाला, "मावशी आहेत हे विसर. काहीतरी वस्तू समज." मग मला लाईनवरचा रिजेक्ट पीस आठवला. तो बघत बसायचं नसतं. उचलायचा नि लाल क्रेटमध्ये भिरकावायचा. रोज तेच तर करतो.

एका टेकमध्ये ओके! टाळ्या! डायरेक्टरांनी पाठ थोपटली. मावशी झगा झटकत उठल्या, "लई भारी केलंस" म्हणाल्या. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. आईला फोन केला, ती रडलीच आनंदाने.

शनिवार, १५

मेसवर जेवायला गेलो. मावशी वाढत होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढायला मी हात वर केला. मावशींनी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.