प्यायले नव्हते, साखर उतरली होती

१० नोव्हेंबर, सोमवार
आठवड्याचं वजन उतरवायचं इंजे. घेतलं. तिसरं. आता स्वतःच टोचते, पोटावर. ह्यांना बघवत नाही, हे बाहेर जाऊन उभे राहतात.
भूक गेलीच आहे. सकाळी अर्धी पोळी, तीसुद्धा ह्यांच्यासमोर दाखवायला. हे म्हणाले, "रंजना, हे काय खाणं झालं?" म्हटलं, लग्न झाल्यापासून सांगताय खाणं कमी कर. केलं कमी. आता बोला.
हे डबा उचलून कंपनीत गेले.
क्लच दाबताना डावा गुडघा ओरडायचा, तो या आठवड्यात जरा गप्प. एवढ्यासाठीच तर सगळं चाललंय. गुडघा गेला की शाळेची व्हॅन गेली. व्हॅन गेली की मी दिवसभर काय करायचं, भिंती बघायच्या?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
तुंगार्लीच्या वळणावर एक रिक्षावाला ओरडला, "काकू, गाडी एका बाजूला झुकलीये!" नेहमीचाच विनोद. मागे पोरी खिदळल्या, मग मला वाईट वाटेल म्हणून एकदम गप्प झाल्या. ते जास्त लागलं.
काच खाली करून म्हटलं, सहा महिन्यांनी बघ, तू झुकशील.

२० नोव्हेंबर, गुरुवार
डोस वाढवला. पुण्याच्या वजनाच्या क्लिनिकमधल्या मॅडमचा फोन. विचारलं, शुगरची गोळी तशीच घेऊ का? पाकीट पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, तरी परत विचारलं. "हो हो, कंटिन्यू." मागे दुसरा फोन वाजत होता त्यांचा.
सकाळी पोरींना शाळेत सोडून परत येताना हातांना कंप सुटला. घाम. वलवणला धुकं, लोक स्वेटर घालून, आणि मी घामाने ओली. घरी येऊन चहा घेतला, बरं वाटलं. अशक्तपणा असेल. कमी खाल्लं की व्हायचंच.
ब्लाऊज खांद्यावरून उतरतोय. टीप घालायला हवी.

३ डिसेंबर, बुधवार
काल लिहू शकले नाही. आज लिहिते, जेवढं आठवतं तेवढं.
सकाळी गोळी घेतली. नाश्ता नाही, मळमळत होतं. दुपारी डबा उघडला, भाजीचा वास नको झाला, बंद केला. शाळा सुटली, पोरी घेतल्या. भांगरवाडीच्या दोघी उतरल्या. नंतर जुन्या हायवेला लागले, आणि काय झालं कुणास ठाऊक, पोरींवर ओरडले. नुसतं गाणं म्हणत होत्या. "तोंड बंद करा!" अशी मी कधी ओरडत नाही. अन्वी रडायला लागली.
मग समोरच्या ट्रकच्या मागचं लिहिलेलं वाचता येईना. अक्षरं होती, पण त्यांचा अर्थ लागेना. हात स्टीअरिंगवर होते, पण ते माझे नव्हते.
तेवढं कळलं की थांबायला हवं. पेट्रोल पंपात गाडी घेतली, कडेला, हवेच्या मशीनपाशी. हँडब्रेक ओढला. चावी काढून सीटखाली टाकली. का टाकली माहीत नाही. पुन्हा सुरू करू नये म्हणून असेल.
पुढचं तुकड्यातुकड्यात. कुणीतरी दार उघडलं. "अहो, ही तर फुल टाइट आहे." "बायका पण प्यायला लागल्या." मला बोलायचं होतं, जीभ जड. जे बोलले ते वेडंवाकडं निघालं असणार, कारण लोक हसले. एकाच्या हातात मोबाईल, माझ्याकडे धरलेला. मागे पोरींचं रडणं.
पंपावर पेट्रोल भरणारी शबाना आली. तिला मी ओळखते, रोज तिच्याकडेच भरते. तिने माझ्या तोंडाजवळ नाक नेलं आणि वळून ओरडली, "वास बिस काही नाहीये! मागे व्हा सगळे! ताईंना काहीतरी होतंय." चहाच्या टपरीवरून साखर आणून पाण्यात ढवळली. "ताई, गिळता येतंय का? हळू. थोडं थोडं." अर्धं अंगावर सांडलं. थोड्या वेळाने पंपाचा बोर्ड वाचता आला.
मग रिक्षाने दवाखाना. बोट टोचलं. साखर प्यायल्यावरसुद्धा अठ्ठावन्न. आधी याहूनही खाली असणार, तिथले डॉ. म्हणाले.
पोरींना शबानाने पंपाच्या ऑफिसात बसवून एकेकीच्या घरी फोन लावले. सगळ्या सुखरूप. हे दोनदा लिहिते. सगळ्या सुखरूप.

४ डिसेंबर, गुरुवार
व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर आला. "दारू पिऊन स्कूल व्हॅन चालवणारी महिला, लोणावळा. शेअर करा." टाकणारा आमच्याच व्हॅनमधल्या एका मुलीचा बाप. त्या दिवशी तो तिथे नव्हताही, कुणाकडून तरी आलं, त्याने वर ओळ लिहून पुढे ढकललं.
मी बघितला. हे नको म्हणत होते, तरी बघितला. खरंच प्यायलेलीच वाटते. डोळे अर्धे, ओठ वाकडे, पदर खाली. मी परकी असते तर मीही तेच म्हटलं असतं.
पण मी परकी नाही. मला माहितेय मी काय आहे.
ग्रुपवर लिहिलं: "मी प्यायले नव्हते. माझ्या रक्तातली साखर धोकादायक कमी झाली होती. गाडी मी थांबवली, मग पडले. ज्यांना शंका आहे त्यांनी फोन करा. रंजना, व्हॅनवाली."
फोन एकाचाही नाही. अंगठे दोन आले. एक शबानाचा. ती ग्रुपमध्ये कशी? तिची भाची याच शाळेत.

५ डिसेंबर, शुक्रवार
आमचे लोणावळ्याचे डॉ., शुगर तेच बघतात, त्यांच्याकडे नीट गेले. हेही बरोबर.
डॉ. म्हणाले, "इंजेक्शन एकटं सहसा साखर इतकी पाडत नाही. पण तुमची जुनी गोळी तुम्ही जेवा न जेवा, साखर खाली ढकलणारच. इंजेक्शनने भूक गेली, खाणं गेलं, गोळी तशीच राहिली. तिघांनी मिळून पाडलं तुम्हाला. गोळी आधीच कमी करायला हवी होती. मला का नाही सांगितलंत?"
म्हटलं, ज्यांनी इंजे. दिलं त्यांना पाकीट दाखवलं, दोनदा विचारलं. अजून कुणाकुणाला सांगू?
"मला."
बरं. पुढच्या वेळी.
गोळी बंद. इंजे. चालू, पण डोस परत खाली. बोट टोचायचं मशीन घेतलं. मुलं घेऊन गाडी इतक्यात नाही, आकडे बघून सांगतो म्हणाले. पुढे चालवायची तर प्रत्येक वेळी आधी बोट टोचायचं, नव्वदच्या खाली असेल तर चावीला हात नाही. वेळेवर खायचं, भूक असो नसो.
आणि पर्समध्ये ग्लुकोजची पुडी. मी म्हटलं चिक्की ठेवते, आमच्याकडे काय तोटा आहे. डॉ. म्हणाले, "चिक्की नको. शेंगदाण्यातलं तेल साखर लवकर चढू देत नाही. साखरेचं पाणी, ग्लुकोज, नाहीतर साधा गोड ज्यूस." लोणावळ्यात राहून चिक्की कामाची नाही.
बाहेर आल्यावर हे म्हणाले, "इंजेक्शन सोड, नाहीतर व्हॅन सोड. दोन्ही नाही चालणार."
मी घरी येऊन सांगितलं: दोन्ही चालणार.

७ डिसेंबर, रविवार
परंदवडीला सासूबाईंकडे. त्यांच्यापर्यंतही पोचलंय. भाच्याने मोबाईलवर दाखवलं म्हणे.
"आगं, तू काय दारू पिती व्हय?"
न्हाई आई.
"मला ठावं हाय, तू न्हाई पित. पर ती सुई कशाला टोचून घेती? आमी लय जाड व्हतो, मेलो का? भाकर खावी, काम करावं."
म्हटलं, आई, तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही न्हाणीपर्यंत भिंत धरून जाता. मला तसं व्हायचं नाही.
रागावतील वाटलं. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग टोच. पर जेवून टोच."
समोर बसून भाकरी खायला लावली. सबंध. खाववत नव्हती, खाल्ली.

९ डिसेंबर, मंगळवार
पुण्याला गेले, क्लिनिकमध्ये. एकटी. अपॉइंटमेंट नाही म्हणाले, म्हटलं बसते. बसले. वाट बघणाऱ्यांमध्ये सगळ्या माझ्यासारख्याच, खुर्चीच्या कडेवर बसणाऱ्या, हात असलेल्या खुर्चीत मावू की नाही या धास्तीने.
शेवटी मॅडमनी आत घेतलं. सगळं ऐकलं. "असं क्वचित होतं," म्हणाल्या.
मी म्हटलं, क्वचित झालं ते माझ्या व्हॅनमध्ये झालं. मागे मुली होत्या. मी दोनदा विचारलं होतं.
"आम्ही जनरल सूचना देतो, स्वतःची काळजी पेशंटनेही..."
म्हटलं, मॅडम, मी तुम्हाला गोळीचं पाकीट दाखवलं. यापेक्षा पेशंटने काय करायचं?
त्या वाकून काहीतरी टाइप करत राहिल्या. माफी नाही मागितली. बाहेर येऊन वेटिंगमधल्या बायकांना मोठ्याने विचारलं, "तुमच्यातल्या कुणी शुगरची गोळी घेतं का? इन्शुलिन?" दोघींनी हात वर केले. त्यांना तिथेच उभ्याने सांगितलं, आपापल्या शुगरच्या डॉक्टरला आजच फोन करा. गोळी मनाने सोडू नका, पण विचारा. रिसेप्शनची मुलगी "मॅडम, प्लीज" करत राहिली. करू दे.
येताना एसटीत झोप लागली. लोणावळ्याच्या पुढे जाता जाता वाचले.

१३ डिसेंबर, शनिवार
शाळेत पालकांची बैठक. मुख्याध्यापिका मधे, मी एका बाकावर, मुलांच्या बाकावर. पूर्वी अडकले असते, आज बसले.
अन्वीच्या आई आधी उठल्या. "तुम्ही आमच्या मुलींना घेऊन बेशुद्ध पडलात, हे खरं आहे ना?"
खरं आहे. गाडी थांबवून, चावी काढून पडले. पण पडले.
"आणि थांबवता आली नसती तर?"
तर काहीही झालं असतं. तसंच म्हटलं. 'थांबवलीच असती' म्हटलं तर खोटं झालं असतं. मला रोज तो ट्रक दिसतो.
मागून एक बाप: "या वयात बारीक व्हायची हौस कशाला पण?"
तेव्हा मात्र उठले. म्हटलं, हौस नाही, गुडघा आहे. आणि हौस असती तरी? लठ्ठ होते तेव्हा तुम्हीच हसायचात, औषध घेतलं तर तुम्हीच विचारताय कशाला. मी नक्की काय करायचं ते एकदा ठरवा आणि मला कळवा.
कुणीतरी हसलं, पण यावेळी माझ्यावर नाही.
मग सांगितलं मी काय करणार: गोळी बंद झालीय. चावी लावण्याआधी मशीन, आकडा मोबाईलवर ग्रुपला. डॉ.नी हो म्हटल्याशिवाय एकही मूल गाडीत नाही. बारीक होणं मात्र थांबणार नाही.
व्हिडिओवाल्याला म्हटलं, तुम्ही जिथे 'दारू' लिहिलंत तिथेच 'नाही' लिहा. तो म्हणाला, डिलीट केलंय की. म्हटलं, डिलीट केलंत, खोडलं नाहीत. लोकांच्या फोनमध्ये मी अजून प्यायलेलीच आहे.
तो मान खाली घालून मोबाईल बघत बसला. लिहिलं नाही. अजूनही नाही.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, नाताळच्या सुटीनंतर बघू.

१९ डिसेंबर, शुक्रवार
आकडे चांगले. एकशे दहाच्या आसपास, सकाळी जरा जास्त. गोळी गेली म्हणून थोडं वर राहणार, डॉ. म्हणाले, चालेल. कंप नाही.
बोटांची टोकं चाळणी झालीयेत. कणीक मळताना मीठ झोंबतं.
हे आज स्वतःहून म्हणाले, "माझंही बघ ना जरा, किती येतं." टोचलं तर ओरडले. ह्यांचा ठीक आला. मग मशीन कसं धरायचं, साखरेचं पाणी कधी द्यायचं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही का घालायचं नाही, सगळं विचारून घेतलं. व्हॅन सोड म्हणाले नाहीत. चालव असंही नाही.

२४ डिसेंबर, बुधवार
रिकामी गाडी काढली. जेवून, आकडा बघून. हे शेजारी बसले, सुटी टाकून. सगळा रूट फिरले. वलवण, तुंगार्ली, नांगरगाव, शाळा, परत. टुरिस्टांची गर्दी, कुणी कुणाला वाट देत नाही. नीट चालवली.
पंपावर थांबले. शबानासाठी साडी घेतली होती. म्हणाली, "ताई, साडी कशाला, मी रोज शर्ट-पॅंटमध्ये." म्हटलं, ईदला नेस. घेतली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी पण घाबरले होते. पाणी देताना हात कापत होते माझे."
मला वाटलं होतं फक्त माझे कापत होते.

३१ डिसेंबर, बुधवार
डॉ.नी हो म्हटलं. शाळेचा निरोप आला: आमची हरकत नाही, पण प्रत्येक पालकाने आपापलं ठरवायचं. म्हणजे शाळेने हात झटकले. झटकू देत.
पाच घरांनी दुसरी व्हॅन लावली. चार हो म्हणाले. बाकीचे गप्प.
संध्याकाळी अन्वीच्या आईंचा फोन. मला वाटलं नाही सांगायला केलाय. त्या म्हणाल्या, "माझ्या आईला तेच इंजेक्शन सुरू केलंय. ती इन्शुलिन घेते. काल तिला घाम आला, बडबडत होती. डॉक्टरांना काय विचारू?"
सांगितलं. आत्ता बोट टोचा, कमी असेल तर साखरेचं पाणी, शुद्धीत असेल तरच, आणि परत टोचून बघा. इन्शुलिन किती कमी करायचं ते आजच डॉक्टरला विचारा, उद्यावर टाकू नका. एकटं ठेवू नका. त्या लिहून घेत होत्या, मधे मधे "थांबा, थांबा" म्हणत.
झाल्यावर मी विचारलं, शुक्रवारी शाळा उघडते, अन्वी येणार?
"बघते," म्हणाल्या. "खरंच, मला अजून माहीत नाही."
म्हटलं, बघा. आईंना आधी बघा.
शुक्रवारी खाऊन, बोट टोचून, आकडा ग्रुपवर टाकून निघणार. त्यांच्या दारातही गाडी उभी करणार, हॉर्न वाजवणार. एकदाच. चढायचं की नाही ते त्यांचं.